रिकाम्या पटातला पुकारा

मेडशीच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोड्यांची नावं पुकारणारा तो माणूस माझ्या ओळखीचा. पुकारताना डोळे मिटायचा आणि प्रत्येक वाक्य ‘बरं का मंडळी’ने संपवायचा. पट भरला की बाहेरगावची गर्दी लोटायची, घराघरांत पाहुणे उतरायचे, भजी दुपारीच संपायची, जीपवाल्यांना उसंत नसायची.

यंदा पट दुसऱ्या गावाने नेला. पटाच्या दिवशी शेतातून येताना मला तो रिकाम्या मैदानात, माईकशिवाय, नावं पुकारताना दिसला. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“कोणाले पुकारून राह्यले, दादा?”

“बाजूले सरका, भाऊ. तुमच्या मांगच्या पाहुण्यायले पट दिसून नाही राह्यला.”

मी हसणारच होतो, तेवढ्यात मागून बिडीचा वास आला. मागे न बघता मी बाजूला सरकलो.