गिअरवरचं कुंकू

वाकलेला व्हॉल्व्ह ओळखायला काचेचा एक तुकडा पुरतो. दांडी काचेवर आडवी ठेवून बोटाने लोटायची. सरळ असेल तर गुमान घरंगळते, वाकडी असेल तर लंगडते. त्या दिवशी सहापैकी चार लंगडल्या आणि मी काच भिंतीवर आपटली.

ट्रॅक्टर ऊसतोडीच्या टोळीचा होता. चार दिवसांनी टोळी कारखान्याला निघणार होती. भांडीकुंडी, पत्र्याच्या पेट्या, शेरडं, सगळं बांधून माणसं तयार होती आणि त्यांचं इंजिन वडवणीच्या रस्त्यावर माझ्या गॅरेजात उघडं पडलं होतं. बिघाड माझ्याकडेच झालेला. आणला तेव्हा नुसतं पुढून तेल गळत होतं.

तेल थांबवायला अष्टमीला मी पुढचं झाकण खोललं. आत दोन गिअर असतात. लहान पिस्टनचा, मोठा व्हॉल्व्हचा. त्यांचे दात नेमके जुळावे लागतात. दोन दात चुकले तरी व्हॉल्व्ह उघडा असतानाच पिस्टन वर येऊन त्याला धडकतो. म्हणून दोन्हींवर बारीक खड्डा पाडलेला असतो. खड्ड्यासमोर खड्डा आणायचा, झालं. पण त्यांच्यावर काळ्या तेलाचा थर बसला होता आणि पुसून शोधायचा मी कंटाळा केला. बायकोची जुनी नेलपॉलिश माझ्या खिशात असतेच. दातांवर लाल खुणा केल्या आणि गिअर काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पान्याला हात लावायचा नाही, फक्त पूजा. ती माझ्या वडिलांची. चाळीस वर्षं हे गॅरेज त्यांनी चालवलं. आता डोळ्यांना नुसत्या सावल्या दिसतात, तरी रोज येऊन दारापाशी बसतात. तेवढंच उरलंय त्यांना. त्यांनी पाने, जॅक, हातोडे गोणपाटावर मांडले, दोन्ही गिअर रॉकेलने धुतले आणि सगळ्यांना कुंकू लावलं.

दसरा झाल्यावर मी घाईघाईत लालला लाल जुळवून इंजिन बांधलं आणि स्टार्टर मारला. टक, टक, आणि असा खडाका झाला की ट्रॅक्टरवाल्याच्या हातातला चहा सांडला.

तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रॅक्टरवाला आणि टोळीतली तीन माणसं उभी होती, त्यांच्यादेखत मी वडिलांवर ओरडलो, "अण्णा, कावून फासलं कुंकू गिअरला? माझी खूण समजून तेच जुळवलं म्या! दिसत न्हाई तर हात कशाला लावता?"

"म्या कपाळालाच लावलतं," एवढंच बोलून त्यांनी काठी घेतली आणि घरी गेले. पुढचे दोन दिवस दारापाशी कुणी बसलं नाही.

ते दोन दिवस आठवले तरी अजून चिडचिड होते. इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो वरचा भाग, बीडला लेथवर नेऊन आणलं. नवे व्हॉल्व्ह एकेक करून बसवले. खाली खरखरीत पेस्ट लावून, रवी घुसळावी तशी व्हॉल्व्हला चिकटवलेली काठी तळहातांत फिरवत घासायचे, मग वरून रॉकेल ओतून बघायचं. एक झिरपला. पुन्हा घासला. पुन्हा झिरपला. तिकडे ट्रॅक्टरवाल्याचा दर तासाला फोन. हे सगळं म्हाताऱ्याच्या देवधर्मापायी, असं मी प्रत्येक घासणीला पुटपुटत होतो.

मग पुढचं झाकण पुन्हा खोललं. गिअर मी बसवले तसेच होते, आणि नेलपॉलिशसमोर नेलपॉलिशच होती. दातांवर कुंकवाचा मागमूस नाही. कुंकू होतं ते दोन्ही गिअरांच्या त्या बारीक खड्ड्यांत, तेलाने चिकटलेलं. आणि ते खड्डे एकमेकांपासून दोन दात लांब.

आता आठवलं. एका गिअरला खूण केल्यावर बोल्ट हाताला येईना, म्हणून मी पुढची पुली जराशी फिरवली होती, आणि तिच्यासोबत दोन्ही गिअर दोन दात सरकले होते. दुसऱ्याला खूण केली ती त्यानंतर. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मोठा गिअर काढून तसाच घरी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. गिअर त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दात चाचपले नाहीत. अंगठ्याचं नख सरळ खड्ड्यात नेऊन टेकवलं.

"कपाळ सापडलं, अण्णा," मी म्हणालो.

"खूण करताना मधीच पुली फिरवलतीस. आवाज आलता मला."

"मग त्या दिशी कावून बोलले न्हाई?"

"चार माणसं हुती. गिऱ्हाइकापुढं तुला मान खाली घालाया लावू व्हय?" त्यांनी गिअर माझ्या हातात दिला. "चल. उद्या टोळी निघायची हाय."

चपलेसाठी त्यांचा पाय ओट्याखाली चाचपडत होता. मी बसून ती पायात सरकवून दिली आणि तशीच मान खाली घालून त्यांच्यापुढे चालायला लागलो.