गुळाच्या रंगाचा कोबा

दाजींच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांच्या, नव्या बंगल्यातल्या फरशीत माणसाला स्वतःचा चेहरा दिसतो. प्रत्येक पाहुण्याला ते वाकून बघायला लावतात. माझ्या वडिलांना वाकावं लागलं नाही. पाय धुऊन आत आले ते थेट हॉलच्या मधोमध आडवे झाले. मोडलं काही नाही, पण त्या दिवसापासून आबांनी चकचकीत फरशीच्या प्रत्येक घराशी संबंध तोडला. त्यात आमचंही घर आलं.

आई गेल्यापासून आबा गारगोटीजवळच्या गावात एकटेच. कोल्हापूरला राहायला या म्हटलं की म्हणायचे, "कोबा असंल तर येतो. आरशावर चालायला मी काय माशी हाय व्हय?"

म्हणून आम्ही मागच्या अंगाला त्यांच्यासाठी एक खोली बांधली आणि खाली साधा सिमेंटचा कोबा केला. बायकोला तो करडा रंग बघवेना. "आबांना काय गोडाऊनमधी ठेवायचं हाय?"

रंगाच्या दुकानदाराने सांगितलं, "पेंट नको सायेब, स्टेन घ्या. पेंट वर बसतोय आन् सोलून निघतोय. स्टेन सिमेंटात मुरतंय." मग त्याने शेडकार्ड उघडलं. तपकिरी रंगाला तिथे परदेशी वाळवंटांची आणि सूर्यास्तांची नावं होती. बायकोने एका वाळवंटावर बोट ठेवलं. "हा गुळाचा रंग. हाच द्या." दुकानदाराने वाळवंटाचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं.

"गुळाचा," ती म्हणाली.

बांधकाम संपलं की गवंड्यांना मटणाचं जेवण घालायचं ही आमच्याकडची रीत. रंग लावायच्या आधीच ते उरकलं. खोली रिकामी होती, त्यामुळे पंगत कोऱ्या कोब्यावरच बसली. आबाही आले. त्यांनी अनवाणी पाय घासून बघितला आणि खिडकीखाली मांडी घातली. दाजींनी खुर्ची मागवली. तांबडा रस्सा हात न आखडता वाढला गेला. पत्रावळ्या कलल्या, द्रोण लवंडले. नंतर आम्ही साबणाच्या पाण्याने पुसून घेतलं आणि कोबा स्वच्छ झाला असं मानलं.

पुढच्या रविवारी नवराबायको गुडघे टेकून कामाला लागलो. ती ब्रशने स्टेन लावत पुढे, मी जादाचा रंग फडक्याने टिपत मागे. जमीन वाळली तशी गुळाच्या रंगात भिंतीकडेने ओळीने फिकट ठिपके उमटले. जिथे रश्श्याचा तेलकट कट मुरला होता तिथे रंगाला आत शिरायला जागाच नव्हती. दुसरा हात दिला. ठिपके आणखी उठून दिसले.

दाजी बघायला आले. "माझा टाइल्सवाला पाठवून देतो," ते म्हणाले. सहानुभूती दाखवताना ते फार खुशीत असतात. ते गेल्यावर बायकोचे डोळे भरले. "दाजींचा टाइल्सवाला आला तर आबा कशाला येतील?"

टाइल्सवाल्याच्या आधी आबाच आले. दारात उभं राहून बराच वेळ बघत राहिले आणि मग खदखदून हसले. "आरं, ही तर पंगत हाय!" ठिपक्याठिपक्यावर पाय ठेवत ते माणसं ओळखू लागले. "ह्यो सेंट्रिंगवाला. द्रोण तोंडाला लावून पीत हुता. आन् ह्यो थोरला गवंडी. ह्येचं तर डबकंच झालंय." खिडकीखाली येऊन थांबले. "ह्यो मी. पोरी, माझी कॉट हितंच लाव."

"डाग पडल्यात की वो आबा."

"पडूंद्यात. एकटा जेवून जेवून कटाळलोय. हितं माणसं तरी बसल्यात."

आम्ही वरून, पुढे काही मुरू नये म्हणून, बिनचकाकीच्या सीलरचा एक हात दिला आणि आबा त्यांची ट्रंक घेऊन आले ते आलेच. आता आल्यागेल्याला ते पंगत दाखवतात.

परवा पुन्हा मटण होतं. दाजींनी सगळ्या ठिपक्यांवरून नजर फिरवली. "यात आम्ही कुठं?"

"पावणं, तुमी तवा खुर्चीत बसलासा की," आबा म्हणाले.

दाजी पँट वर ओढून, कुणी आग्रह न करता, खाली मांडी घालून बसले. जेवताना त्यांचा द्रोण कलला. चुकून कलणारा द्रोण इतका सावकाश कलत नाही. पण कोब्यावर सीलर बसला होता. बायकोने एकदा फडकं फिरवलं आणि खाली काहीच राहिलं नाही.

"थोडा आणखी वाढा," दाजी म्हणाले.