दोन पायांमधून पाहिलेला सारस

इंदूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गाला शिकवत होतो. फळ्यावरचं गणित अर्धं सोडून त्यांच्या गावाची, आसगावची गाडी धरली. बारा वर्षं आम्ही एकाच शाळेत शिकवलं. त्यातली निम्मी त्यांनी मला रागावण्यात घालवली असतील... आता तीच सगळ्यात जास्त आठवतात.

आमचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा सारसही तिकडच्या वाटणीला गेले, असं आमच्याकडे हसत हसत म्हणतात. बाईंना हे अजिबात खपायचं नाही. लहानपणी वडिलांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, त्यांनी सारसाची जोडी पाहिली होती. ती गोष्ट त्या दरवर्षी वर्गात सांगायच्या, आणि आमचा पक्षीमित्रांचा गट दरवर्षी तलाव पालथे घालून हात हलवत परतायचा. “बाई, आठवणीत लांडोरीचा सारस झाला असेल,” असं एकदा मी म्हणालो. आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

निवृत्तीच्या वर्षी, ऐन रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, त्या स्वतःच आमच्या जीपमध्ये येऊन बसल्या. आम्ही सहा जण झाडोऱ्याच्या रंगाच्या कपड्यांत, गळ्यात दुर्बिणी. सकाळभर काहीच दिसलं नाही. आसगावच्या पुढे एका बांधीत रोवणाऱ्या बायकांची ओळ दिसली, तशी बाईंनी जीप थांबवली आणि शेताच्या कडेच्या धुऱ्यावरूनच विचारलं, “काहो, इकडे सारस दिसते का?”

त्यांची म्होरकी शेवंताबाई कंबर सरळ करून म्हणाली, “रोजच दिसते. आमच्या मांगंमांगं चरते. पण असे हिरव्या कपड्याचे लोक आले का उडून जाते. शिकारी वाटत असन त्याले.”

आमची तोंडं पाहण्यासारखी झाली. बाई माझ्याकडे वळल्या. “सर, जाकीट काढा. प्यांट वर करा. अन् वाका.”

“कायले?”

“सारस पाहाले!”

बाकीच्यांना जीपमागे बसवून आम्ही दोघं ओळीत उतरलो. गुडघाभर चिखल, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी. माझी रोपं आडवी पडत होती आणि बायका खुदखुदत होत्या. तासभर गेला असेल. मग शेवंताबाई हळूच म्हणाली, “मान नोका उचलू. मांगं पाहा.” मी वाकल्या वाकल्या स्वतःच्याच दोन पायांमधून पाहिलं. आधी लांब लाल पाय, मग राखाडी अंग, मग लाल डोकं. उलटा सारस! जोडी होती, वीस पावलांवर. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात मात्र रोपं लावतच होते.

“लांडोर हाये का, सर?” त्या म्हणाल्या.

कॅमेरा जीपमध्ये राहिला होता, त्यामुळे फोटो नाही. नोंदीच्या कागदावर निरीक्षक म्हणून बाईंनी ओळीतल्या अकराही बायकांची नावं लिहायला लावली. माझं सगळ्यात शेवटी. एवढ्या दिमाखात त्यांना मी त्यांच्या निरोप समारंभातही पाहिलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच बायका आल्या होत्या. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, बाईंची खोली हळूहळू रिकामी होऊ लागली. रडायचं नाही असं ठरवून आलो होतो, पण ते काही मला जमलं नाही. शेवंताबाई जाता जाता बाईंच्या फोटोपुढे थांबली आणि बाई समोर बसल्या असाव्यात तशी म्हणाली, “म्याडम, पिल्लू निंगालं. आता तीन हायेत आपल्या जिल्ह्यात.”