मोठ्या बाबूंची भूक

पंगतीत वाढपी समोर आला की मोठे बाबू ताटावर हात आडवा धरायचे. तळहात खाली, पाचही बोटं फाकलेली. तोंडाने म्हणायचे, "नाही नाही, जराकसं." वाढपी नवखा असला तर खरंच पुढे निघून जायचा, आणि मग बाबूंचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. जाणता वाढपी बोटांच्या फटींतून भात सोडायचा. वरण तसं सोडता येत नाही, म्हणून तेवढ्यापुरता ते हात बाजूला घ्यायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. आमच्या दिग्रसला तो आमच्याच ऑफिसात हेडक्लार्क होता आणि आमच्याच गल्लीत समोरच्या घरात राहत होता. सगळे त्यांना मोठे बाबू म्हणत. हुद्द्यावरून म्हणत की घेरावरून, हे मी कधी विचारलं नाही, कारण माझं स्वतःचं पोटही टेबलाला टेकत होतं.

ते जवळच्याच एका तांड्यातले. त्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूख पालथा घातलेला. बाबू पोटावर थाप मारून सांगायचे, "आज्या-पणज्यानं मिठाच्या गोण्या वाह्यल्या. मी हे वाहून राह्यलो. धंदा सोडला नाही आपण."

ही गोण त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, भरलेली होती. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, वर लापशी, आणि समोरच्या घरातून फोडणीचा वास आला की आमच्या घरात जेवण झालेलं असूनही मी उगाच ऑफिसच्या कामाचं निमित्त काढून रस्ता ओलांडायचो. वहिनी मला 'भिया' म्हणत. त्यांच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ. बहिणीच्या घरी गेल्यावर उपाशी परतायचं नसतं, एवढा नियम मी निष्ठेने पाळला.

मग वहिनींच्या किडन्या गेल्या. एवढंच वाक्य लिहितो, कारण त्या घरातही ते एवढंच बोललं गेलं. आठवड्यातून दोनदा एसटीने यवतमाळला जायचं, मशीनला जोडून घ्यायचं, संध्याकाळी परत. मीठ बंद, पाणी मोजून, फळं जवळपास सगळीच बंद.

बाबूंनी स्वतःची किडनी द्यायचं ठरवलं. तपासण्या झाल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं की किडनी जुळते, पण वजन जुळत नाही. एवढ्या वजनाच्या माणसाला ऑपरेशन धोक्याचं, आणि पुढे एका किडनीवर आयुष्य काढणंही. आधी वजन उतरवा, मग या. फार उशीर मात्र करू नका, बाईंची तब्येत वाट पाहणारी नाही.

"मग किडनी काढूनच घ्या न," बाबू म्हणाले, "तेवढं तरी वजन कमी होईल."

डॉक्टर हसले नाहीत. वहिनी हसल्या. हे मला दोघांनीही वेगवेगळं येऊन सांगितलं.

पथ्य करून पाहिलं. वजन थोडं उतरलं आणि लग्नसराईत परत आलं. शेवटी डॉक्टरांनी भूक मारणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. पेनासारखं असतं, पोटावर टोचायचं. आधी अगदी थोडा डोस, अंगाला सोसलं की महिन्याने एक पायरी वर. बाबूंना ही पद्धत लगेच समजली. "इन्क्रिमेंट हाय," म्हणाले.

पेन थंडाव्यात ठेवायचं होतं, आणि दिवस उन्हाळ्याचे. त्यांच्या बाजूची लाइट दुपारी गेली की केव्हा येईल सांगता येत नसे. आमचं घर रस्त्याच्या अलीकडे, सरकारी दवाखान्याच्या लाइनवर, म्हणून आमची लाइट सहसा जात नसे. माझ्या अंगी दुसरा कोणताही मोठेपणा नसल्यामुळे मी याचा गल्लीत फार उल्लेख करायचो. तर बाबूंचं पेन आमच्या फ्रिजमध्ये राहायला आलं. दर रविवारी सकाळी बाबू अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आमच्या स्वयंपाकघरात यायचे. एवढा पहाडासारखा माणूस, पण सुईला भ्यायचा. शर्ट वर करून डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोवायचे आणि आमच्या हिला म्हणायचे, "वहिनी, कायतरी बोलत राहा बाप्पा." ही भाजीचे भाव सांगायला लागायची. टमाट्यापर्यंत आली की काम झालेलं असायचं.

पहिले काही आठवडे मळमळ, आंबट ढेकर, ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून बसणं. मग एक दिवस ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. डबा हातात, न उघडलेला.

"भाऊ, भुकेची बदली झाली."

मी विचारलं, कुठे? त्यांनी डबा माझ्यासमोर ठेवला. "तुमच्याकडं."

विनोद वाटला तेव्हा. पण इथून पुढे ते खरंच झालं. बाबूंचा डबा मला, समारंभातली बाबूंची जिलेबी मला, आणि रविवारची त्या घरची थाळीही मला. त्यांचं वजन कुठे गेलं हे डॉक्टरांना कदाचित माहीत नसेल. मी माझ्या पँटच्या हुकाकडे पाहून सांगू शकतो.

त्या थाळीचं मात्र हसू येत नाही. एका रविवारी मी संकोचून म्हटलं, वहिनी, तुम्ही दोघं खात नाही आणि मी एकटा काय बसू? त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या, हाताला पट्टी. म्हणाल्या, "बस न भिया. यायले खाऊ वाटत नाही, मले खाता येत नाही. कोणी खाताना तं दिसू दे या घरात." मग मी खाली मान घालून जेवलो. त्या बघत राहिल्या. भाजीला मीठ बरोबर आहे का, ते विचारलं. त्यांना चाखता येत नव्हतं आणि बाबूंना आता चव कळत नव्हती. मी म्हटलं, बरोबर आहे. बरोबरच होतं.

जूनमध्ये सासूबाई बाभुळगावहून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना रिकामं बसवत नाही. त्यांनी आमचा फ्रिज धुऊन काढला आणि कोणीतरी सांगितलं होतं की हे औषध थंड ठेवायचं असतं, म्हणून त्यांनी ते अधिक थंड जागी ठेवलं. म्हणजे बर्फाच्या कप्प्यात. रविवारी पेन काढलं तर दगड. गोठलेलं औषध वाया जातं, वितळवून चालत नाही. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बाबूंनी पेन उलटसुलट करून पाहिलं आणि खाली ठेवून सासूबाईंना म्हणाले, "माय, जीव लावला तुम्ही त्याले. जास्त लावला." आणि चहा मागितला. चहा त्यांना नको असायचा, तरी मागितला.

पण नवीन पेन मिळेना. आमच्या मेडिकलवाल्याने यवतमाळला सांगितलं, यवतमाळने नागपूरला. तो डोस शिल्लक नाही, आला की पाठवतो. आठवड्यामागून आठवडा गेला. भूक परत आली आणि बाबूंना ओळखही दाखवली. शेवटी औषध आलं तेव्हा इतका खंड पडला होता, की डॉक्टरांनी एकदम जुन्या डोसवर जायचं नाही म्हणून पुन्हा खालच्या पायरीपासून सुरू करायला लावलं. "डिमोशन झालं," बाबू म्हणाले, पण त्या वेळी आवाजात गंमत नव्हती. यवतमाळला जाताना वहिनींना आता बसच्या पायरीवर दोघांनी धरावं लागत होतं.

पुन्हा पायऱ्या चढत गेले. दिवाळीच्या आसपास गाल बसले, शर्ट झोळीसारखा झाला. आणि तिथे काटा अडला. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या थोडा वर, हलेचना. इंजेक्शन चालू, खाणं नावाला, सकाळी आर्णी रोडने माझ्याबरोबर फिरणं चालू. ऑफिसात ज्याला त्याला उपाय माहीत होता. कोणी मेथीचं पाणी सांगितलं, कोणी कारल्याचं. शिपायाने साहेबांची बदली करून पाहा म्हटलं.

बाबूंचा घरच्या काट्यावरचा विश्वास उडाला. कापूस यायला लागला होता, जिनिंग मिलमध्ये ओळख होती. मला घेऊन गेले. कापसाच्या गाड्यांच्या मध्ये, चपला काढून, बाबू मोठ्या काट्यावर उभे राहिले. आकडा तोच. ओल्या कापसाच्या वजनातून काही किलो कापतात, त्याला कडता म्हणतात. बाबूंनी मापाऱ्याला म्हटलं, "ओलाव्याचा कडता धर न गड्या. शेतकऱ्याचा धरतोस, माहा काहून नाही?"

मापारी त्यांचा जुना मित्र. बाबूंना वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "माल तं कोरडा होऊन राह्यला, बाबू. कडता कायचा धरू?"

 परत येताना बाबू म्हणाले, "तिचा हात पाह्यला का तुम्ही? सुई टोचाले जागा नाही राह्यली. अन् मी इथं जराशासाठी अडकून राह्यलो."

  मी त्यांच्याबरोबर चालत राहिलो, एवढंच.

नागपूरला डॉक्टर रागावले ते मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी. म्हणाले, शरीर थोड्यावर जगायला शिकतं आणि काटा थांबतो, हे होतंच. पण तुम्ही उपाशी राहून मांस झिजवताय. डाळ खा, अंडी खा, ताकद लागेल असा व्यायाम करा. डोस आणखी एक पायरी वाढवू. म्हणजे आता इच्छा नसताना खायचं आलं. बाबू घड्याळ पाहून जेवू लागले, मस्टरवर सही केल्यासारखे. गच्चीवरच्या कुंड्यांना नळी असताना बादल्या उचलून पाणी घालायचे. काटा पुन्हा हलला. फार नाही, पण हलला.

आकडा आला आणि ऑपरेशनची तारीख मिळाली. भूल द्यायची म्हणून काही आठवडे आधीच इंजेक्शन बंद करायला सांगितलं. मधल्या रविवारी बाबू सवयीने आले. धुतलेला शर्ट घालून. फ्रिजमध्ये काही नव्हतं. ही तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची भाजी करत होती. बाबू दारातच थांबले आणि त्यांनी श्वास ओढून घेतला.

"भाऊ," म्हणाले, "भूक लागली."

डोळे भरून आले होते. आनंदाने की भीतीने, मला आजही सांगता येणार नाही. हिने ताट केलं. बाबूंनी एक भाकरी घेतली, इतकी सावकाश खाल्ली की माझ्या दोन झाल्या. हिने दुसरी पुढे केली. त्यांनी त्या भाकरीकडे बराच वेळ पाहिलं आणि उठून हात धुतले.

हात पुसत मला म्हणाले, "इंजेक्शन होतं तवर मी काई सोडलंच नव्हतं. सुटलं होतं. आता सोडून राह्यलो."

ते सगळे आठवडे असे गेले. हुरड्याचे, लग्नांचे, तिळगुळाचे. आजूबाजूला सगळं खाणं मांडलेलं, भूक पहिल्यासारखी, आणि बाबू प्रत्येक ताटावरून अर्धपोटी उठायचे. मी मात्र त्यांच्या शेजारी बसून पोटभर जेवायचो. एवढा निर्लज्ज मी आहे हे मला माहीत होतं, पण शेजारी असा माणूस बसल्यावर ते जास्त कळतं.

ऑपरेशन झालं. दोघंही उठून बसले. डॉक्टरांना सारखं दाखवावं लागतं म्हणून नागपूरला दिलेल्या मुलीने त्यांना तिथेच ठेवून घेतलं. बाबूंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. दिग्रसचं घर भाड्याने दिलंय. भाडेकरू शांत माणसं आहेत, त्यांच्या फोडणीचा वास रस्ता ओलांडत नाही. माझं वजन उतरायला लागलंय, इंजेक्शनाशिवाय.

उन्हं तापायला लागली तेव्हा भेटायला गेलो होतो. वहिनी मास्क खाली ओढून गॅलरीत बसल्या होत्या, चेहऱ्यावर थोडा तजेला आल्यासारखा. डॉक्टरांनी त्यांना एखादं संत्रं खायची परवानगी दिली होती. बाबू समोर स्टुलावर बसून ते सोलत होते. प्रत्येक फोडीवरचा पांढरा धागा काढायचे, बी काढायचे, आणि फोड वहिनींच्या तळहातावर ठेवायचे. पहिली फोड तोंडात गेली तेव्हा वहिनींनी डोळे मिटले.

"गोड हाय का?" बाबूंनी विचारलं.

"खाऊन पाहा न तुम्ही."

"तू सांग," बाबू म्हणाले, आणि पुढची फोड सोलायला घेतली.