सोवळ्यातली किल्ली

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट अजून हसत सांगितली जाते. माझ्या मुलीने प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी उशीर केला आणि फायनान्सची जागा घालवली. ही गोष्ट खोटी आहे आणि ती मीच पसरवली.

नव्वदीनंतरची ती वर्षं. बडोद्यात नव्या खाजगी बँका उघडत होत्या, शेअरचे फॉर्म पानाच्या टपरीवरही मिळत. मुलगी बी.एस्सी. होऊन एका औषध कंपनीत दिवसभर आकडे उतरवत होती. तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला : संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला आणि फायनान्सच्या नव्या मास्टर्सला. तिला फायनान्स हवं होतं. माझे आजोबा संस्थानात शास्त्री, वडील शिक्षक, मीही शिक्षक.

"पैशाचा धंदा आपला नव्हे," मी म्हणालो. "तो इथल्या शेठ लोकांना शोभतो."

"मग तुमच्या एफडीचं व्याज काय सरस्वती देते, बाबा?"

बोलून ती ऐकणार नव्हती. म्हणून मी वेगळा मार्ग काढला.

तिच्या मूळ मार्कशीट माझ्या कपाटात होत्या. कपाटाची किल्ली वडिलांसारखीच मीही जानव्याला बांधत असे. आदल्या संध्याकाळी तिने कागद मागितले. "सकाळी देतो," मी म्हणालो आणि सकाळी मुद्दाम उशिरा सोवळं नेसून पूजेला बसलो. फायनान्सची फी भरायची बारी, म्हणजे फतेगंजच्या ऑफिसातली खिडकी, दुपारी बंद होणार होती. त्यानंतर जागा दुसऱ्याला जाणार होती.

ती देवघराच्या दारात आली. "बाबा, कागद."

मी हातानेच थांब म्हटलं. पूजेत मी बोलत नसे. रोज एकदाच म्हणायचं स्तोत्र संपलं, तसं ते पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग आणखी एकदा, सावकाश.

बायको खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन आली. पिशवी हातात तशीच ठेवून दारातून म्हणाली, "अहो, किल्ली सोडून ठेवा ना पाटाशेजारी. देव कुठे पळून जात नाही, बारी बंद होईल."

मी डोळे मिटले.

मुलगी उंबरा ओलांडून आत आली. किल्ली माझ्या कमरेशी लोंबत होती. हात लांबवला असता, तर तिला मिळाली असती.

"मी शिवू का?" तिने विचारलं.

आमच्या घरात सोवळ्यातल्या माणसाला कधी कोणी शिवलं नव्हतं. मी नुसती नकारार्थी मान हलवली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती शिवणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी बसलो होतो.

आरती करून, सोवळं सोडून मी किल्ली दिली. तिने लुना पळवली. परत आली तेव्हा घामाने केस कपाळाला चिकटले होते.

"बंद झाली."

"वेळेवर निघायचं होतंस," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. संध्याकाळी धाकटा भाऊ चौकशीला आला, तेव्हा मी सांगून टाकलं, "वेंधळी आहे. उशीर केला." मुलगी तिथेच होती. तिने पाण्याचा पेला काकाच्या हातात दिला.

तिने एम.एस्सी. केलं. पुढे कित्येक वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवलं.

गेल्या महिन्यात वासण्याला तिच्या घरी सगळे जमलो होतो. नातीच्या प्रवेशाचं निघालं, तसा भाऊ म्हणाला, "आईसारखा उशीर करू नकोस हं!" सगळे हसले, मुलगीही हसली.

बाकीचे गेल्यावर मी मुलीला म्हणालो, "त्या दिवशी मी मुद्दाम केलं होतं."

ती कप गोळा करत राहिली. "मला कशाला सांगता, बाबा? मी तिथेच उभी होते. काकांना सांगा."

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "अरे दादा, इतक्या वर्षांनी काय ते! मस्करी होती. जाऊ दे ना."

"नाही," मी म्हणालो. "आधी ऐकून घे."