पित्ताशयाची साक्ष

"हार्ट ठणठणीत आहे तुमचं," लातूरचे डॉक्टर म्हणाले. "तो पॅनिक अटॅक होता. त्याच्या मागं डिप्रेशन आहे."

पॅनिक अटॅक म्हणजे काही कारण नसताना छाती धडधडते, आता मरतो असं वाटतं. डिप्रेशन म्हणजे नुसती उदासी नव्हे, मनाचा आजार. झोप, भूक, प्रार्थनेतली गोडी, सगळं आटतं. माझं आटत चाललं होतं, आणि मी मात्र दर रविवारी आनंदावर उपदेश करून राहिलो होतो.

"डॉक्टर, मी चर्चच्या मंडळीचा वडील आहे, दुसऱ्यांना धीर देणारा. मला हे कसं होईल?"

"मी डॉक्टर आहे, मला शुगर आहे," ते म्हणाले. "गोळ्या घ्या. स्वतःच्या मनानं बंद करू नका."

अटॅक नांदेडला, भर उपदेशात आला होता. ईसीजी, टू-डी इको, सगळं नॉर्मल. मग मनाचा डॉक्टर गाठायचा, तर ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून लातूर गाठलं. परतल्यावर मंडळीत सांगितलं, पित्ताशयात खडे झालेत. खडे कसे, चारचौघांत सांगण्यासारखे.

मंडळीनं माझ्या पित्ताशयासाठी उपास-प्रार्थना ठेवली. मंडळीतल्या भगिनी दुधीची बिनतेलाची भाजी आणून देऊ लागल्या. बायको म्हणाली, "गिळा आता. तुमच्याच जिभेची करणी हाय."

गोळ्यांनी झोप लागू लागली, चेहरा उजळला. आमच्या पास्टरांनी, पाळकसाहेबांनी, साक्ष द्यायला उभं केलं. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायचं, ती साक्ष. मी उठलो आणि तोंडातून निघून गेलं, "ना ऑपरेशन, ना गोळी! खडे गेले!"

हालेलुया! टाळ्या!

त्याच आठवड्यात मुदखेडहून मंडळीत येणाऱ्या मार्था मावशी घरी आल्या. नवरा गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. त्याही मनाच्या गोळ्या घेत होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

"भाऊ, तुमची साक्ष ऐकली अन् म्या गोळ्या बंद केल्या. तुमचे एवढे खडे गेले, माझं मन न्हाई का नीट होणार?"

गोळ्या सोडल्यापासून पुन्हा डोळ्याला डोळा नव्हता, तेही त्यांनी सांगितलं. मला दरदरून घाम फुटला. हा काही अटॅक नव्हता, लाज होती.

आत जाऊन माझ्या गोळ्यांची पट्टी आणून समोर ठेवली. "मावशी, खडे नव्हतेच. हे होतं."

त्यांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "मंग म्या उपास कशाला केला वो?"

"माझ्यासाठीच केला. अवयव तेवढा चुकला."

आधी हसल्या, मग रडल्या. मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. "असं एकदम बंद करायचं नसतं. उद्याच आणून दाखवा," ते म्हणाले. बायको त्यांना घेऊन गेली. गोळ्या पुन्हा चालू झाल्या.

रविवारी परत उभा राहिलो. सगळं सांगितलं, खड्यांसकट. कुणी हालेलुया म्हणेना. पाळकसाहेब जमिनीकडं बघत होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मावशी उठल्या. "मी बी घेते गोळ्या. आज सकाळची खाऊनच आले. अन् प्रार्थना बी करते."

तुमच्यापैकी कुणाला असं झालं, तर पित्ताशयाला मधे घालू नका. मी अजून पुरता बरा नाही. पण आता कुणी विचारलं, "वडील, कशासाठी प्रार्थना करू?" तर कधी नुसतं एवढंच सांगतो, "आज उठावंसं वाटेना." लोक त्यासाठीही प्रार्थना करतात, देव त्यांचं भलं करो. सगळ्यात मोठ्ठं आमेन मावशींचं असतं.