पाक सुतोंचा तिसरा सूर

मी एक बटण दाबलं आणि एका गावाचं संगीत पुसून टाकलं.

गाव इंडोनेशियातलं, जावा बेटावरचं. संगीत पाक सुतोंचं. पाक म्हणजे त्यांच्याकडे आपलं काका.

आज पहाटे पाक सुतो वारले. त्यांच्या मुलीचा मेसेज आला.

दुबईत जबल अलीच्या वेअरहाऊसमध्ये आम्ही नऊ वर्षं एकत्र. मी डॉक्युमेंटेशनला, ते लोडिंग सुपरवायझर. कंपनीच्या बसमध्ये शेजारशेजारच्या सीट ठरलेल्या.

हिंदी त्यांनी वेअरहाऊसमधल्या आपल्या भारतीय पोरांकडून उचलली होती. त्यामुळे शिव्या आधी आल्या, व्याकरण आलंच नाही.

त्यांच्या गावात गामेलान होतं. काशाच्या पट्ट्या आणि घंटांचा मोठा संच. वडील वाजवायचे. तिथे प्रत्येक संच वेगळ्या सुरात लावलेला असतो, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

पाक लहान असतानाच तो संच विकला गेला आणि वितळवला गेला.

म्हणजे ते सूर उरले फक्त एका लोडिंग सुपरवायझरच्या डोक्यात.

रिटायर होऊन परत जाण्याआधी त्यांना ते एकदा कानांनी ऐकायचे होते. संच कुठून आणणार? मग कीबोर्ड, गिटार, बेस आणि ऑक्टोपॅड. कीबोर्ड अरबी लग्नांत वाजतो तसला. त्यात एकेक सूर हवा तसा वर-खाली करता येतो. तीन महिने सुट्टीच्या दिवशी बसून त्यांनी पाच सूर लावले. हे मला नंतर कळलं.

कार्यक्रम दुबईतल्याच ऊद मेथाच्या एका हॉलमध्ये. मी आपल्या मराठी मंडळाच्या ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला, म्हणून साउंड चेक माझ्याकडे.

शहाणा ना मी.

वाजवून पाहिलं. बेसूर. म्हटलं, म्हाताऱ्याने काहीतरी गडबड करून ठेवलीय. सरळ फॅक्टरी रीसेट मारला.

पाक आले. एक पट्टी दाबली.

"ये किसने किया?"

"मैंने. बेसुरा था."

"बेसुरा नहीं. गाँव का है."

एसी हॉलमध्ये मला घाम फुटला. समोर त्यांच्याकडचे नक्षीदार बाटिकचे कपडे घालून इंडोनेशियन लोक येऊन बसायला लागले होते. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"सॉरी बाद में. यल्ला, चलो, बैठो."

त्यांनी डोळे मिटले आणि एकेक सूर गायला लागले. मी कीबोर्डवर तो शोधत होतो.

"नीचे. और नीचे. बस, खलास."

पाच सुरांना पाऊण तास लागला. लोक थांबले. इतकी वर्षं स्टेजवर वाजवतोय, पण नीट ऐकलं ते त्या पाऊण तासात.

मग कार्यक्रम झाला. कीबोर्डवर पाक, गिटारच्या तारा काशासारख्या किणकिणत होत्या, आणि दर आवर्तनाच्या शेवटी ऑक्टोपॅडवर एकच मोठी घंटा. पहिल्या रांगेतली एक नर्स पहिल्याच घंटेला रडायला लागली.

सामान आवरताना पाक म्हणाले, "तीसरा वाला थोडा ऊपर रह गया."

माझा चेहरा पडला. "अभी ठीक करूँ?"

"रहने दो. गाँव में भी लोहार का हाथ हिला होगा."

आणि हसले. मला माफ केलं ते एवढंच.

गावी परत जाताना कीबोर्ड माझ्याकडे ठेवून गेले. पाचही सुरांचे आकडे मी कागदावर लिहून केसमध्ये चिकटवलेत. त्यांच्या मुलीलाही पाठवलेत.

आज मेसेज वाचल्यावर कीबोर्ड काढला आणि ते पाच सूर वाजवले. खूप आठवण आली.

आतून माझी लेक ओरडली, "बाबा, इट्स आउट ऑफ ट्यून."

रागावलो नाही. मीही हेच म्हणालो होतो.

"इकडे ये. बस इथे. ऐक जरा."

आली. बसली.

पाक सुतो, या आता.

तिसरा सूर तसाच ठेवलाय.